डोया आभायले

शहाद्याच्या आमच्या कॉलेजात समुद्र आहे.
काचेच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात,
अकरा बरण्यांमध्ये.
सातवीचं बूच तडकलेलं,
आत वीतभर मासा, डोकं खाली, शेपूट वर,
आणि चिठ्ठीवर टाकानं लिहिलेलं :
किनारा. तळाशी राहणारा. वाळू, चिखल.
पुढची ओळ कधीच विरघळून गेलीय.

पंधरा वर्षं मी ती बरणी उचलून सांगत आले :
बघा, डोकं चपटं, खालचा जबडा पुढे,
सतत उलट बोलायच्या बेतात असल्यासारखा.
अंग वाळूच्या रंगाचं, कुशीवर पाच-सहा काळपट डाग.
पोटाखालचे पर जुळून झालीय एक वाटी,
तिनं तो दगड धरतो.
लाट येते, लाट जाते, हा तिथेच.
मुलं लिहून घेत.
लाट वर्गात कुणीच पाहिलेली नव्हती.
मीही एकदाच, सहलीत, बसच्या खिडकीतून.

यंदा प्रयोगशाळेत शेनफडू वाडिले आले,
प्रकाशाचे, भोई.
बरण्या पुसता पुसता सातवीशी थांबले.
"हाऊ ते आपला खरपा शे, मॅडम.
याले बाटलीमा कोनी कोंडं?"

रविवारी गोमाईच्या संगमाखाली
ते गुडघाभर तापीत उभे राहिले.
पाण्याकडे बघेनात.
तळपाय सरकवत होते, हळू,
अंधारात उंबरा चाचपावा तसे.
खरपा पळत नाही, म्हणाले,
त्याला वाटतं आपण दिसतच नाही.
रेतीत अंग पुरून बसतो,
चिंगळी तोंडाशी येईपर्यंत दगड होतो,
मग एक झेप, हातभर, तीही नाइलाजानं,
आणि पुन्हा बूड टेकतो.
"डोया आभायले, पोट रेतीले.
आखो काय पाहिजे?"

मग वाकून त्यांनी एक फुटकं कौल उचललं, जरासंच.
खालच्या अंगाला अंडी,
तांदळाच्या कण्या एकेक करून उभ्या चिकटवल्यासारखी,
आणि त्यांना परांनी वारा घालणारा
एक मळकट, डागाळलेला जीव.
आमची सावली पडली तरी हलला नाही.
"बाप शे. उपाशी शे."
कौल होतं तसंच ठेवलं,
जागा बोटांनी दोनदा तपासली.

मी विचारलं, हे समुद्रात जातात ना?
त्यांनी खालच्या अंगाला हनुवटी केली.
तिकडे बॅरेजची दारं, त्यांच्याही खाली उकाई.
"त्याना आजा जाये.
आते हाऊ आठेच शे."
असं म्हणाले, जसं एखाद्या
मुंबईला न गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं.

परत आल्यावर चिठ्ठी वाचून दाखव म्हणाले.
वाचली : किनारा.
"मग? किनारा ते आमनाबी शे."

सोमवारी सकाळी कपाट उघडलं
तर बरणी आडवी.
ट्रेमध्ये ओंजळभर तापीची रेती,
बुचाच्या तड्यावर मेणबत्तीचं मेण,
आणि मासा पहिल्यांदाच पोटावर,
डोळे वर, ट्यूबलाइटकडे.

मेण काही नीट बसलं नव्हतं.
पहिल्या तासाला सगळ्यांचे डोळे चुरचुरले,
मागच्या बाकावरची भारती उठून खिडकी उघडायला गेली,
आणि मी पंधरा वर्षांचं वाक्य सुरू करून
लाटेपाशी अडले.