पाणी कुठवर आलंय

बेड नंबर सात. भरमाण्णा कडोलकर, वय एकसष्ट,
पस्तीस वर्षं वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांना
पाणी सोडणारा माणूस.
कालपासून लघवीच्या पिशवीत
कपभरही उतरलेलं नाही.

छातीच्या हाडाखाली थंडगार जेल,
प्रोब टेकवते, दाबते, जरा कलवते.
यकृताच्या करड्या ढिगाआडून
ती काळी शीर दिसते, हृदयाकडे निघालेली.
परवा प्रत्येक श्वासाला
भिंतीला भिंत लागेपर्यंत मिटत होती.
म्हटलं होतं, सोडा. अजून सोडा.
आज तट्ट आहे.
श्वास येतो, जातो, ती हलत नाही.

बरगड्यांच्या फटीत प्रोब सरकवते:
वरून खाली पांढऱ्या रेघा,
एक, तीन, मग मोजता न येणाऱ्या,
चुन्याच्या भिंतीवरून ओघळ उतरावेत तशा.
नडगीवर बोट दाबलं तर खड्डा राहतो
माझ्याच बोटाच्या मापाचा.
आणि प्रेशर? ऐंशी. अजून ऐंशीच.

"डॉक्टर, इन्नोंद बाटली हाकली?"
शिवलीला सिस्टरचा हात स्टँडवर.
मी स्क्रीनकडे बघत राहते, नको इतका वेळ.
"ब्याड. प्रेशरचं औषध वाढव."

दाराबाहेर लगमाबाई उभीच.
"सलाईन बंद केलासा?
ओठ वाळून गेल्यात त्यांचे,
खरं तुम्ही पाणीच तोडलासा."

मी सांगू लागते, पाणी आत आहे मावशी,
भरपूर आहे, पण शिरांत थांबत नाही,
पाझरून मांसात, फुप्फुसात...
ती मला मध्येच तोडते.
"लाइन गळायलीय म्हणा की.
मग वरनं सोडून काय?
रस्ता भिजतोय निस्ता."

मग बाकावर बसते. माझ्याशी नाही,
समोरच्या भिंतीशी बोलल्यागत सांगते:
रात्री लोखंडी सळी टेकवायचे रस्त्याला,
दुसरं टोक कानाला.
गल्ली निजलेली. कुत्री भुंकायलेली.
कुठवर आलंय ते बरोब्बर सांगायचे.
चावी उघडताना कोण नाव घ्यायचं नाही,
बंद केली की समदी गल्ली शिव्या द्यायची.

माझ्या हातात प्रोब. त्यावरचं जेल
अजून पुसलेलं नाही.

पाच वाजता पुन्हा बघते. शीर तशीच.
लघवीच्या नळीच्या वळणात एक बुडबुडा,
त्याच्यामागे पिवळट काहीतरी,
थेंब म्हणावा की नाही.
काचेला नाक लावून लगमाबाई विचारते, काय आलं?
मी म्हणते, हवा.

"मग येतंय," ती म्हणते,
"नळाला आधी हवाच येत्या."