अर्धी वई

होळी झाली की वई करायची, हा इथला नेम.
चिंचेपासून मधल्या दगडापर्यंत माझी,
दगडापासून नाल्यापर्यंत सुपडूची.
कागदावर कुठंच नाही हे.
आमच्या बापांनी पावलं मोजली होती.
माझ्या बापाची ढांग लांब,
म्हणून आमच्या वाट्याला चार हात काटे जास्त.

सुपडूला सुरतेला जाऊन नऊ वर्षं झाली.
उधन्याला लूमवर असतो, रातपाळी.
त्याच्या तीन एकरांत आता वेडी बाभूळ, घाणेरी,
डोक्याइतकं गवत,
आणि मधे कुठंतरी विहीर,
जी पारवे उडाले तरच कळते.

पहिल्या वर्षी त्याची अर्धी मी तशीच सोडली.
ज्याची त्यानं करावी.
त्या वर्षी चांदी सहा वेळा पलीकडे गेली.
चांदी म्हणजे माझी वगार, कपाळावर पांढरा टिकला.
भोक तिला दिसावं लागत नाही.
सातव्या वेळी दोन रात्री आलीच नाही,
मी बोरीच्या पात्रापर्यंत हाका मारत फिरलो.
विमल म्हणाली,
वाटणी बापांची होती,
जनावर तर आपलं आहे ना?

तेव्हापासून दोन्ही अर्ध्या माझ्याच.

ऊन चढायच्या आत.
कोयता, जेळी, पायात टायरच्या वहाणा,
वेड्या बाभळीचा काटा त्यातूनही येतोच.
फांदी जेळीवर तोलायची, आधीच्या फांदीत गुंतवायची,
वर पाय देऊन दाबायची.
दाबताना कसा आवाज येतो
त्यावरून ठरतं, पोळ्यापर्यंत टिकेल की नाही.
लोक काट्यांचं तोंड बाहेर ठेवतात.
मी आत ठेवतो.
चोर माझ्याच गोठ्यातला.

आणि काटे कुठले?
सुपडूचेच.
त्याचं रान थोपवायला त्याचंच रान तोडायचं,
तोडलं की दुपटीनं फुटतं,
पुढच्या होळीला पुन्हा काटे तयार.
असं तोडता तोडता वईपलीकडे एक पट्टा मोकळा झाला.
एका साली मी तिथं कडबा रचला.
नुसता रचला.
पुढच्या साली वई जरा सरकली.
मी सरकवली असं नाही.
नाही असंही म्हणवत नाही.

आखाजीला सुपडू आला, सोबत मुलगी, नववीतली.
बांधावर उभा राहून बघत राहिला,
गर्दीत कुणाचा चेहरा शोधावा तसा.
मुलीनं विचारलं, पप्पा, आपलं कुठून सुरू होतं?
त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी दगड दाखवला.
दगड वईच्या अलीकडे होता,
माझ्या बाजूला, चांगला हातभर.

सुपडू वाकला, दगडावरची माती पुसली,
म्हणाला,
दगड बी चालाले लागना का भो?

मला हसू आलं आणि लगेच गेलं.
त्यानं शर्ट काढून चिंचेला अडकवला.
मुलगी सावलीत बसून चिंचा फोडत होती.
आम्ही दोघांनी नाल्यापर्यंतची वई उपसली,
हातभर मागे घेतली.
लूमवर राहून त्याचे हात मऊ पडलेत,
जेळी धरताना अंगठा कुठं ठेवायचा, विसरलाय.
काटा लागला की शिवी मात्र इथलीच.
दिवेलागणीला दगड पुन्हा मधोमध आला,
थोडा त्याचा, थोडा माझा, सगळा उघडा.
कडब्याचं तो काही बोलला नाही.
मी दुसऱ्या दिवशी उचलला.

श्रावणात त्याचा फोन आला.
मागे यंत्रांची खडखड, त्यामुळे ओरडूनच बोलतो.
रानाचं विचारलं नाही, विहिरीचंही नाही.
वई टिकनी का, म्हणे.

म्हटलं, तुझी टिकली.
काल गेली ती माझ्यातून.