खोलीचा आवाज

ग्रह फुटणार होता सकाळी दहा वीसला.
त्याआधी कॉफी.
स्कोप्येच्या या हॉलमध्ये आम्ही आठवड्याला
एखादं तरी विश्व बुडवतो,
तासाच्या हिशेबानं.

मी कागद वाटते. स्टँडास्टँडावर स्वरलिपी
आणि टोक काढलेली एक एक पेन्सिल.
पानाच्या डोक्यावर सिनेमाचं नाव नसतं,
फक्त रीळ चार, तुकडा सात.
ग्रहाचं नाव काय, तिथे कोण राहत होतं,
हे आम्ही विचारायचं नाही.
करारातच तसं आहे.

दिग्दर्शक लॉस एंजेलिसला, त्याच्याकडे मध्यरात्र उलटलेली.
पडद्यावर त्याचा चेहरा, हातात नूडल्सचं वाडगं.
"मोठं हवंय," तो म्हणतो. "अजून मोठं."
ब्लागोया कंडक्टर मान डोलावतो
आणि सत्तर जणांच्या कानात
तीच टिकटिक सुरू होते.

हॉर्न छातीतून उठतात.
ट्रम्पेटवाला स्लाव्चो मानेपर्यंत लाल.
चाळीस गज एकदम खाली येतात.
अवकाशात आवाज जात नाही
हे शाळेत शिकलोय सगळे,
म्हणून तर आम्हाला बोलावतात.
त्या मुक्या पोकळीला
कुणाचं तरी रडणं भाड्यानं लागतं.

चौथ्या टेकला विचारणा झाली :
बेस मागे का पडतात?
सगळे पडत नव्हते. एकटा त्स्वेतान,
शेवटच्या स्टुलावरचा,
अर्ध्या मात्रेनं.
कशाची तरी वाट बघितल्यासारखा.

त्रेसष्टच्या जुलैत तो सहा वर्षांचा होता.
जुन्या स्टेशनचं घड्याळ अजून पाच सतरावरच आहे,
पर्यटक त्याच्याखाली फोटो काढतात.
त्स्वेतान त्या बाजूनं जात नाही, बोलतही नाही.
एकदाच, सिगारेट विझवता विझवता, म्हणाला :
"आधी कुत्री गप्प झाली.
मग कपाटातल्या बशा आपसात बोलायला लागल्या.
मोठा आवाज?
मोठा आवाज मला आठवत नाही गं."

पाचवा टेक. सहावा.
सातव्याला ग्रह नीट फुटला.
पडद्यावर अंगठा वर गेला.

मग राहिला खोलीचा आवाज.
हे काम शेवटी असतंच. कुणी हलायचं नाही,
पान उलटायचं नाही, तीस सेकंद
माइकनं नुसती खोली ऐकायची,
पुढे जोडकामात सांधे बुजवायला.
सत्तर माणसं श्वास आवरून बसली.
एक खुर्ची करकरली.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं.
वेल्यानाच्या हार्पची एक तार
कुणी न छेडता बारीक म्हणत राहिली काहीतरी.
त्स्वेताननं डोळे मिटलेले,
तळहात बेसच्या लाकडावर,
गाभण गाईच्या पोटावर ठेवतात तसा.
मी दाराशी उभी होते, हातात रिकामे कप,
आणि कप एकमेकांना लागू नयेत म्हणून
मी ते छातीशी धरले होते.

"झालं," इंजिनिअर म्हणाला.
सगळे उठले. तो जरा वेळानं.

संध्याकाळी मी खोडरबर घेऊन बसते.
कागद कोरे करून परत पाठवायचे असतात.
गजाच्या खुणा, सावध राहा म्हणून काढलेले चष्मे,
"इथे डुलकी घेऊ नकोस",
ट्रॉम्बोनवाल्यानं काढलेली
दिग्दर्शकाची बटाट्यासारखी मुंडी.
त्स्वेतानच्या पानावर, अठ्ठ्याऐंशीव्या बारपाशी,
संगीतकारानं जिथे छापलंय
जोरात, आणखी जोरात, होता होईल तितकं जोरात,
त्याच्याखाली बारीक अक्षरात एकच शब्द :
धूळ.

मी खोडला. नियम म्हणजे नियम.
पण दाबून लिहायची सवय आहे त्याची.
दिव्याखाली पान तिरपं धरलं
तर अजून वाचता येतो.
रबराचा चुरा फुंकून टाकला,
पान तसंच पाकिटात घातलं.

उद्या बिस्किटांची जाहिरात.
तीस सेकंद, आनंदी,
बेसला काम नाही.