चौऱ्याहत्तर मिनिटं

"वाजते, पण उतरत नाही.
उतरली तर उघडत नाही,"
असं म्हणत ओगिनोबाईंनी काउंटरवर ठेवली
बिस्किटाएवढी चौकोनी डिस्क
आणि रबरबँड लावून बंद केलेलं तिचं यंत्र.
कुशिरोत त्या दिवशी धुकं इतकं,
की समोरचं मासळीचं दुकान नुसतं वासावरून कळत होतं.

नेहमीचं सगळं करून पाहिलं.
एक्स्टेन्शन बदललं
(नाव बदलून स्वभाव बदलत नाही,
हे तीस वर्षांत मला कळायला हवं होतं).
कोडेक शोधला, जुना प्लेअर चढवला,
संगणकाचं घड्याळ २००४ सालात मागे नेलं.
पडद्यावर तेच सभ्य वाक्य:
क्षमस्व. या ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्याकडे नाहीत.

"कुणाचं आहे हे?"
"बाबांचं. धक्क्यावर उभं राहून, त्यांच्याच माइकवर.
बोटींचे भोंगे, आणि मधेमधे ते."

माणसाचा स्वतःचा आवाज
त्याच्याच मशीननं चोरीचा माल समजून
कुलपात घातला,
आणि किल्ली जिथं मागायची
ती खिडकी बंद होऊन अकरा वर्षं झाली.
कुलूप मात्र इमानी.
मालक गेला तरी दारात बसलेलं.

मग तो उपाय, ज्याला उपाय म्हणायची लाज वाटते.
यंत्राच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली,
दुसऱ्या टोकाला माझा रेकॉर्डर, मधे एक छोटा स्पीकर.
जे ऐकू येतं त्याला कुणाचा बाप अडवू शकत नाही.
फक्त घाई चालत नाही.
चौऱ्याहत्तर मिनिटांना चौऱ्याहत्तर मिनिटंच लागतात.

बाई स्टुलावर बसल्या, कोट न काढता.
भोंगा.
पाणी.
बराच वेळ पाणीच.
बाविसाव्या मिनिटाला खोकला, आणि
"तोशिए, काटा हलतोय का गं?"

बाईंनी मान डोलावली.
माझ्या रेकॉर्डरवरचा काटाही हलला.

मागे एक बारीक गुणगुण येत होती,
पन्नास हर्ट्झची, आमच्या विजेची.
"ही काढता येईल," मी म्हणालो.
"राहू द्या. इथलीच आहे ना?"

शेवटी विचारलं, वेव्ह देऊ की एमपीथ्री?
"जी मला 'तुम्ही कोण' विचारणार नाही, ती."

पावतीवर मी 'दुरुस्ती' लिहिलं.
मग खोडलं.
धुक्यात भोंगा वाजला, खरा,
आणि आम्ही दोघांनी
बंद स्पीकरकडे पाहिलं.