पेटी

मागच्या मे महिन्यात, मुरारच्या आमच्या गल्लीत,
हन्नामावशी मुलाची वाट बघत
एक रात्र बर्फाच्या लाद्यांवर निजली.
मुलगा मस्कतहून निघाला होता.
लाद्या हजिऱ्याच्या कारखान्यातल्या, भुशात गुंडाळलेल्या,
कुल्फीवाल्याच्या हातगाडीवरून आल्या.
पहाटे त्यातल्या दोनच उरल्या.
मी पोछा पिळत राहिले.
पाणी उंबरा ओलांडून
सक्सेनांच्या दारापर्यंत गेलं.
त्यांनी काही म्हटलं नाही.
मी ते अजून पुसतेय.

म्हणून पंचांच्या बैठकीत उभी राहिले:
एक थंड पेटी घेऊ. प्लगवाली, काचेच्या झाकणाची.
कुणाचंही माणूस असो, कुठल्याही गल्लीतलं.
किंमत ऐंशी हजार.
खजिनदार एलियाझर पाडळ्यांनी चष्मा काढून ठेवला.
मंडळीत घरं एकोणतीस, देणारी अकरा.

पाळकसाहेब म्हणाले, गाण्याचा कार्यक्रम करू.
हे ग्वाल्हेर आहे,
इथे माणसं गाण्याला येतात. उपदेशाला येत नाहीत,
हेही त्यांनीच सांगितलं.

तिकिटावर काय लिहायचं, यात तीन बैठका गेल्या.
'शवपेटीच्या मदतीसाठी' म्हटलं
तर पोरंबाळं घेऊन येईल कोण?
'शीतपेटी' म्हटलं
तर विचारतील, आइस्क्रीमचं दुकान काढताय का?
शेवटी छापलं नुसतं: पेटीसाठी.
अर्ध्या लष्कराला वाटलं, चर्चची हार्मोनियम मोडली.
तशी ती मोडलेलीच होती.
काळी दोन दाबली की सूर बसून राही,
शेलारांचा रत्नाकर तिथे पोस्टकार्डाची घडी खुपसायचा.

नरहरबुवा टोकेकरांना मात्र खरं सांगितलं.
वय एक्याऐंशी. सुपारी कातरत होते, कातरतच राहिले.
म्हणाले, "माझी उंची पाच फूट चार. मावेन ना?"
बिदागी घेतली नाही.
रिक्षाचे साठ रुपये तेवढे घेतले, मोजून.

टेंटवाल्याचे तीन कूलर.
वाऱ्यातल्या रांगा अडीचशे, मागच्या शंभर,
बाहेर कडुनिंबाखाली फुकट.
फुकट आधी भरलं.
सक्सेनाबाईंनी अडीचशेची चार तिकिटं घेतली
आणि जाऊन बसल्या सगळ्यात मागे.

वेदीच्या खाली सतरंजी, तंबोरा लागत होता,
कूलरांची घरघर षड्जाशी भांडत होती.
बुवांनी हात केला: बंद करा ते.
मग अडीचशेही शंभरासारखेच घामेजले,
बायबलचे पुठ्ठे वारा घालू लागले,
आणि ते गायले.
काय गायले, मला सांगता येणार नाही, मी दारात पैसे मोजत होते.
एवढं आठवतं की मध्येच घडी निसटली,
काळी दोन बसली ती बसलीच,
रत्नाकरचं तोंड पांढरं.
बुवा हसले.
तोच सूर धरून बराच वेळ
त्याच्याभोवती फिरत राहिले,
आजारी माणसाच्या खाटेभोवती घरातलं कुणी फिरतं तसे.
नोटा हातात तशाच राहिल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

एकाहत्तर हजार सहाशे दहा.
मस्कतहून काही आलं नाही.
मी रागावले नाही, त्यालाही त्या लाद्या दिसत असतील.
उरलेले पडावच्या दुकानदाराने हप्त्यांवर सोडले.

आता पेटी पाळकांच्या खोलीत आहे, गायकमंडळाच्या झग्यांखाली.
चालते का बघायला रात्रभर पाण्याची बाटली ठेवली.
सकाळी बर्फ.
रविवारशाळेची पोरं म्हणाली, वाटून घेऊ?
मी पाडळ्यांकडे पाहिलं, पाडळ्यांनी खिडकीबाहेर.
घ्या म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला फोन वाजला.
थाटीपूरहून, कुणी अनोळखी, रडणं आवरून बोलणारं.
नाव विचारायचं राहून गेलं.
आधी विचारलं,
तुमच्याकडे पंधरा अँपिअरचा प्लग आहे ना?