मुनीमची नखं

मेचा दुसरा रविवार. मानकापूर. साडेदहा.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून झाल्यावर
आम्ही मुनीमला टॉवेलात गुंडाळतो.
कान बाहेर, नाक बाहेर,
बाकी सगळा ऐवज आत.
टॉवेल जुना, कोळसा कंपनीच्या कॅन्टीनचा,
कोपऱ्यातला शिक्का धुऊन धुऊन गेलेला.

नाक असं हलवतो
जसा कुणी मनातल्या मनात हिशेब जुळवतोय,
म्हणून मुनीम.
ठवरे काकूंचा रिद्धेश दहावीनंतर कोट्याला गेला
आणि हा पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला,
दोन महिन्यांसाठी.
त्याला आता दोन वर्षं होतील.

उताणा करायचा नाही,
सेमिनरी हिल्सचे डॉक्टर उईके म्हणाले होते.
उताणा केला की शांत पडतो, आपल्याला वाटतं झोपला.
झोपत नाही. भीतीनं गोठलेला असतो.
आणि मागचे पाय मोकळे सोडायचे नाहीत,
बिथरला तर एवढ्या जोरात झाडेल
की स्वतःचाच कणा मोडून घेईल.
हे ऐकल्यापासून
त्याच्या पाठीवर हात ठेवला
की मला माझाच मणका जाणवतो.

बाबांकडे टॉर्चचं काम.
सावनेरच्या खाणीत एकतीस वर्षं
कपाळावर दिवा बांधून उतरले,
आता मोबाइलचा उजेड
सशाच्या नखामागे धरतात.
नख आतून पेटतं
आणि गुलाबी शीर दिसते,
टोकाच्या थोडी अलीकडे थांबलेली.
"इथून. नाही, अजून बाहेर.
हां. आता काप."
कट्.
कपाटाखाली काहीतरी उडून जातं.

"मातीत राह्यला असता तं
आपोआप झिजली असती," बाबा म्हणतात.
"फरशीवर काय झिजते?"
मी त्यांच्या बोटांकडे बघते.
त्या नखांखालची काळी रेघ
आई आगपेटीच्या काडीनं काढायची,
रविवारी, साधारण याच वेळी.
रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत रेघ आपोआप गेली.
आई मात्र पुढेही काही रविवार
काडी घेऊन बसली.

तीन पंजे पांढरे. पुढचा उजवा काळा,
नखंही काळी, शिसपेन्सिलीची टोकं.
उजेड मागून धरा, खालून धरा,
आत काही दिसत नाही.
बाबा टॉर्च बंद करतात.
डोळे मिटून ते इवलं बोट चिमटीत घेतात,
दाबतात, जरा पुढे सरकतात, परत दाबतात.
खाणीत छतावर काठी ठोकून असंच ऐकायचे,
भरीव आहे की सुटलंय.
"छत बोलते," सांगायचे, "आयकणारा पाह्यजे."
मुनीम बोलत नाही.
सशाला आवाज एकदाच फुटतो म्हणतात.
तो ऐकायची वेळ येऊ नये.

"काप."
"नक्की?"
"काऊन वं, माह्यावर भरोसा नाही?"

कापलं.
आणि थेंब आला, मोहरीएवढा,
टॉवेलावर टेकला तेव्हा मटाराएवढा झाला.
मी ते बोट मैद्याच्या वाटीत बुडवते,
दाबून धरते, शंभरपर्यंत मोजायला लागते.
बाबा माझ्याकडे बघत नाहीत.
टॉर्च लावतात, बंद करतात, लावतात.
"एकदाच चुकलो होतो मी," म्हणतात,
"नव्व्याण्णव साली."
पुढचं सांगत नाहीत.
मी सत्तरवर होते की ऐंशीवर,
पुन्हा एकपासून सुरू करते.

सोडल्यावर मुनीम कूलरमागे जाऊन बसला,
आमच्याकडे पाठ करून,
काळा पंजा मैद्यानं पांढरा.
नाकही हलवेना.

आता दुपारचा एक. बाहेर चव्वेचाळीस.
एकाहत्तर वर्षांचा माझा बाप
फरशीवर पालथा पडलाय,
गाल जमिनीला, हात खांद्यापर्यंत कूलरमागच्या अंधारात,
बोटांत पुदिन्याची काडी.
"अजून चार नखं राह्यली," मी म्हणते.
"चूप," म्हणतात.
काडी हलते.
मग थोडी थोडी आत जायला लागते.