गेटला हात लावू नकोस

सातपूरला, आयटीआय सिग्नलपासून आत,
पत्र्याच्या शेडमध्ये, जानेवारीत,
मी लोकरीचा स्वेटर घालून कामाला लागले
आणि दुपारपर्यंत अकरा मॉस्फेट मारले.
धूर नाही, वास नाही.
गांगुर्डे मास्तर मीटर टेकवून म्हणाले,
"हाही गेला. स्वेटर काढ पोरी,
थंडी वाजली तर चहा पी."

नाशिकची ती कोरडी हवा,
ओठ फुटतात, केस कंगव्यामागे उठून येतात.
बोटाच्या टोकाशी हजारो व्होल्ट बसलेले असतात
आणि बोटाला पत्ता नसतो.
गेटखाली काच असते, इतकी पातळ
की केस तिच्यापुढे गंगापूर धरणाची भिंत.

तीन पाय. डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स.
मास्तरांनी आधी कालव्याचंच सांगितलं:
सोर्स म्हणजे धरण, ड्रेन म्हणजे मळा,
गेट म्हणजे पाटकऱ्याच्या हातातलं चाक.
मग स्वतःच वैतागले.
"खोटं आहे हे. चाकाला जोर लागतो,
फळी पाण्यात उतरते, ओली होते.
इथं फळीच नाही.
काचेच्या वर कोणीतरी येऊन उभं राहतं,
खाली इलेक्ट्रॉन गोळा होतात,
ते गोळा झाले की त्यालाच वाट म्हणायचं.
वाट आधीपासून नसते."

शेडच्या मधोमध प्लायवूड होतं.
पलीकडे रंगनाथ, धाकटा भाऊ, मोटारी रिवाइंड करायचा.
लेथच्या हप्त्यावरून नऊ वर्षांचा अबोला.
प्लायवूडमधून एक शब्द आला नाही की गेला नाही.
पण पलीकडे खोकला वाढला
की मास्तर उठून पंख्याचं तोंड फिरवायचे,
फ्लक्सचा धूर रस्त्याकडे जावा म्हणून.
चारला पलीकडे स्टूल सरकलं
की इकडे सोल्डरिंग गन स्टँडवर.
टपरीपर्यंत दोघं जायचे,
मधे दहा पावलं.

अंबडहून वेल्डिंग मशीन यायची, आतून काळी झालेली.
मास्तर मला मेलेले मॉस्फेट ओळीनं दाखवायचे.
"हा जास्त करंटनं नाही मेला.
गेटला पुरते व्होल्ट मिळाले नाहीत.
पूर्ण बंद असला तर थंड राहतो,
पूर्ण उघडला तरी जवळजवळ थंडच.
अर्धा उघडला की तापतो."
एवढं बोलून ते उगाचच
प्लायवूडवर अडकवलेलं कॅलेंडर सरळ करायचे.

पुढच्या पौषात रंगनाथ गेला.
तेराव्यानंतर मास्तर आले, शटर वर केलं,
माझ्यापुढे बारा व्होल्टची बॅटरी ठेवली
आणि स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब.
"एक बोट प्लसला, एक गेटला."
बल्ब लागला.
"काढ बोटं."
काढली.
बल्ब तसाच.

मी वायरी पाहिल्या. गेटचा पाय हवेत,
कशालाच जोडलेला नव्हता.
"कोणी धरलंय याला?"
"कोणी नाही. कोणी येऊन गेलं, तेवढंच.
काचेतून बाहेर पडायला वाव नाही ना.
म्हणून गेटपासून सोर्सपर्यंत दहा केचा रेझिस्टर लावायचा, न विसरता.
साठलेलं निघून जातं."

चार वाजले.
पलीकडे काहीच सरकलं नाही.
मास्तरांनी गन स्टँडवर ठेवली,
पंख्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं,
चप्पल घातली
आणि टपरीकडे निघाले, हळू,
पुढे दहा पावलांची जागा सोडून.

मी रेझिस्टरचा डबा उघडला.
तपकिरी, काळा, नारिंगी पट्टे.
लगेच सापडला.
बल्ब अजून जळत होता.
मी तो रेझिस्टर मुठीत धरून
तशीच बसून राहिले.